भोंग्याची लेक

"घरी तरी बोलते का हो ती?" बालवर्गाच्या बाईंनी फाटकातच विचारलं.

"बोलते म्हणजे? तोंडाला कुलूप लावायची वेळ येते!" आई म्हणाली, ती इतक्या जोरात की रस्त्यापलीकडचा सायकलवाला थांबून बघायला लागला. त्यात तिचा दोष नव्हता. बाटल्यांच्या कारखान्यात रात्रभर काचेचा खणखणाट चालतो. शेजारणीला नुसती वेळ विचारायची तरी बोंब मारावी लागते. तिथल्या बायका तिला सरळ 'भोंगा' म्हणायच्या. आत्ताही ती रात्रपाळी करून घरी गेली होती आणि पाठ टेकायच्या आधी लेकीला शाळेत सोडायला आली होती.

बाईंनी आवाज खाली आणला. "इथे नुसते ओठ हलतात हो. परवा मी कान तिच्या तोंडाशी नेला, तर अख्खं गाणं पाठ! पण सगळं कुजबुजत. मुलं तिला मुकी म्हणतात. आता खेळायलाही घेत नाहीत. एकदा घसा दाखवून घ्या."

आईला कारण तिथल्या तिथे कळलं. घसा दाखवायची काही गरज नव्हती. लेक रांगत होती तेव्हाच आईची रात्रपाळी सुरू झाली होती. तेव्हापासून दिवसा आई झोपते म्हणून घर कसं चिडीचूप. दाराच्या घंटीत कापूस कोंबलेला. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे. सासूबाई शिंकायला जिन्यात जायच्या. सगळे एकमेकांशी कुजबुजत बोलायचे, भांडायचेसुद्धा कुजबुजत. पोरगी तेच ऐकून बोलायला शिकली. माणसं अशीच बोलतात आणि फक्त आईचा आवाज बिघडलेला आहे, असंच तिला वाटत असणार.

घरी पोचल्या पोचल्या आईने फर्मान काढलं. "अहो आई, आजपासून या घरात सगळ्यांनी मोठ्यांदा बोलायचं."

"मोठ्यांदाच तर बोलतेय," सासूबाई कुजबुजल्या. मग स्वतःच तोंडावर हात ठेवून हसल्या आणि हसल्या त्याही बिनआवाजी.

दुपारी लेक शाळेतून आली. आईने तिला मांडीवर घेतलं, वेणी सोडली, पुन्हा घातली. "ओरड बघू एकदा. आ करून. आईसारखं."

लेकीने आधी आईकडे बघितलं, मग आजीकडे. एवढा आगाऊपणा करायला सांगणारी ही कोण, असा तिचा चेहरा झाला. तिने आपलं बोट आईच्या ओठांवर ठेवलं. "शू. तू झोप," ती कुजबुजली आणि दार ओढून घेऊन मांजराच्या पावलांनी बाहेर गेली.

आई अंथरुणावर पडली, पण डोळ्याला डोळा लागेना. दिवसपाळी मागावी का? मागितली तर मिळेलही. पण मग सकाळी लेक उठायच्या आत घर सोडायचं आणि परत यायचं ते ती पेंगत असताना. ही वेणी, हे शाळेत सोडणं, दुपारी दप्तर टाकून धावत येऊन गळ्यात पडणं, हे सगळं रात्रपाळीच्या कृपेनेच तर मिळत होतं. आणि त्याच रात्रपाळीने पोरीचा आवाज खाल्ला होता. तिला स्वतःचाच राग आला, रडूही आलं. मागायचीच दिवसपाळी, तिने ठरवून टाकलं. आज रात्री गेल्या गेल्या साहेबांना गाठायचं. आपल्याला लेक कमी दिसली तर दिसली. तिला खेळायला तरी कोणी घेईल.

तेवढ्यात खाली धडाड्धूम सुरू झालं. समोरच्या इमारतीच्या रंगकामासाठी ट्रकमधून लोखंडी पाइप उतरवत होते. उतरवत कसले, फेकत होते. खिडकीची तावदानं थरथरायला लागली.

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. मोजे घातलेली, त्यामुळे फक्त घासल्यासारखं झालं. मग गॅलरीचं दार उघडलं. सासूबाईंनी जिवाच्या आकांताने कुजबुजून "अगं पडशील!" म्हटलं.

आणि मग आईने एक आवाज ऐकला. पातळ, चिरका, मध्येच फाटलेला आणि तिने जन्मात कधी न ऐकलेला.

"ओ काका! आवाज करू नका! माझी आई झोपलीय ना!"

पाइप थांबले. समोरच्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. खालून कोणीतरी ओशाळून म्हणालं, "बरं, बरं. हळू ठेवतो हां."

"एकदम हळू!" लेकीने वरून दटावलं. एकदा सापडलेला आवाज ती इतक्यात सोडणार नव्हती. "आणि ट्रकपण बंद करा!"

आई ताडकन उठून बसली. धावत जावं, पोरीला उचलून घ्यावं, नाचावं, असं तिला झालं होतं. पण गॅलरीतून पावलं आत येताना ऐकू आली. दाराशी येऊन थांबली. कडी हळूच वर झाली.

आईने झटकन आडवं होऊन डोळे मिटून घेतले आणि लेकीला नीट ऐकू जाईल, असं मोठ्यांदा घोरायला सुरुवात केली.