घंटेचा रस

मार्तंड ओतारी भट्टीहून जास्त तापेल होता. देवळाच्या घंटेसाठी बायकाईनं दिलेलं तांबं त्यानं चोरलं, असं मनकर्णाबाई चारचौघांत बोलली होती.

"पाहा मावशी! तांबं पुरं असलं तं रस जड राह्यते, अन् त्यात बुडवलेला गोळा काट्यावर हलका भरते. नाही भरला, तं भट्टी मोडतो!"

त्यानं काट्याले तारेनं टांगलेला गोळा मुशीतल्या वितळलेल्या रसात सोडला. काट्यावर तो जडच होत गेला.

"चोट्टा!" मनकर्णाबाई कडाडली.

चिडून मार्तंडानं तार काट्यावरून काढून हाती घेतली अन् तो ती सोडतच गेला. मूस हातभर खोल; पण तारेचं अख्खं भेंडोळं संपलं, तरी बूड लागेना.

"कोन ओढून राह्यलं बे?"

विहीर खोदताना खालचा गडी वर घ्या म्हणून दोराले हिसका देते, तसा रसातून तारेले हिसका आला.