पूर्वेचा काठ

तिसऱ्यांदा खुंट्या गायब झाल्या, तेव्हा विजयाताईंनी शंकरचं नाव घेतलं.

तेलीबांध्याच्या पुढचा तो लहानसा तलाव. दोन वर्षं मोहल्ल्यातल्या लोकांनी दर रविवारी त्यात पाण्यावर पसरलेली जलकुंभी उपसली होती, गाळ काढला होता. आता तहसिलीचा पटवारी जुन्या नकाशावरून तलावाची हद्द आखत होता. तो दुपारी खुंट्या ठोकून जायचा. विजयाताई नव्या रायपूरच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत पूर्वेच्या काठावर, जिथं शंकरची झोपडी आणि शेजारी त्यांचं स्वतःचं घर होतं, नुसती भोकं उरलेली असायची.

“शंकरच असंन,” त्या पलीकडच्या गल्लीतल्या पांडुरंगरावांना म्हणाल्या.

“तो मासे धरणारा ढीमर माणूस,” पांडुरंगराव म्हणाले. “काढन कशाले? तलाव वाढला त मासळी त्यालेच.”

“झोपडीच तलावात गेली, त मासळी घेऊन काय करन?”

बोलून त्यांना बरं वाटलं नाही. शंकरच्या मुलीची दहावी त्यांनीच आपल्या ओट्यावर शिकवून करून घेतली होती.

गुरुवारी पटवारी चौथ्यांदा येणार होता. अर्धी रजा टाकून त्या चार वाजताच थेट काठावर आल्या. समोर शंकर होता. काखेत चार खुंट्या.

“काहून काढल्या रे?”

त्यानं खुंट्या हळूच खाली ठेवल्या.

“झोपडी वाचवाले?”

त्यानं एकदा शेजारच्या त्यांच्या घराकडे बघितलं. “हव दीदी,” तो म्हणाला. “झोपडीसाठीच.”

मोहल्ल्याच्या तलाव समितीच्या बैठकीतही तो तेवढंच बोलला. समितीतून त्याचं नाव कमी झालं. तहसिलीतली तक्रार विजयाताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिली, आणि पुढची मोजणी रविवारी, सगळ्यांसमोर करा, असा आग्रह धरला.

रविवारी अख्खा मोहल्ला काठावर जमला. शंकर लांब उभा होता. पटवाऱ्यानं पहिली खुंटी ठोकली, ती झोपडीच्या बरीच खाली, पाण्याजवळ.

“आणि झोपडी?” विजयाताईंनी विचारलं.

“वो तो टीले पर है. तालाब में कभी थी ही नहीं.”

फीत ओढत तो काठाकाठानं पुढे आला. विजयाताईंचं तलावाकडचं फाटक उघडून आत शिरला, घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या मागे गेला आणि परसातल्या, भोकं बुजवून सारख्या केलेल्या मऊ मातीत दुसरी खुंटी ठोकू लागला. विजयाताई त्याच्यामागे धावल्या.

“पिछली चारों बार भी यहीं ठोकी थी, मैडम,” तो म्हणाला.