डोरीनची गुप्त कृती

"डोरीनचे सॉसेज-चीजचे गोळे जगात दुसऱ्या कुणाला जमणार नाहीत. कृती आमच्या घराबाहेर जायची नाही!" चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात डोरीनच्या नवऱ्याने, व्हर्ननने, जाहीर केलं.

ती कृती बिस्किटांच्या तयार पिठाच्या खोक्यावर छापलेली असते, हे आम्हा बायकांना चाळीस वर्षं ठाऊक होतं. डोरीनला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नव्हतं.

"व्हर्नन, तुझा टाय पिठात बुडतोय. बस तिकडे, आम्ही करतो," मार्लिस म्हणाली.

"गावातल्या प्रत्येक दफनानंतरच्या जेवणाला हे गोळे तिने केले. आज तिच्या दफनाच्या जेवणाला मीच करणार."

त्याने एकट्याने शंभर गोळे वळून ट्रेमध्ये मांडले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आयरिन, हा ओव्हन लावतात कसा, तेवढं दाखव ना."