पाण्यासारखं औषध

सोनियाने दंडात सुई टोचली आणि सिरिंज गोधड्यांच्या चळतीमागे लपवली. तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा पौडहून फोन आला होता, अर्ध्या तासात पोचतो म्हणून. तिची दोन इन्सुलिनं होती. दुधासारखं सकाळी घ्यायचं, ते दिवसभर सावकाश पुरतं. पाण्यासारखं जेवणाआधी, आणि त्यावर अर्ध्या तासात जेवायचंच. पाहुणे आल्यावर सुई काढता येणार नव्हती, म्हणून तिने आधीच उरकून घेतलं.

पाहुणे मात्र वाटेत कुणाचीशी मेंढरं बघत बसले. सोनियाच्या गावी, मालेला, पोचायला त्यांनी सव्वा तास लावला.

तेवढ्या वेळात सोनिया दोनदा भाकरीकडे गेली. दोन्ही वेळा तिच्या आईने, तानूबाईने, टोपली ओढून घेतली.

"पावण्यांच्या आदी त्वांड उष्टं करतीस व्हय? दम धर जरा."

पोरीचा आजार लपवायला या बाईला सगळं जमत होतं, एक घास द्यायचा तेवढा जमेना. आजारापायी दोन स्थळं मोडली होती. हे तिसरं तिला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

पोह्यांचा ट्रे घेऊन सोनिया बाहेर आली. बशा खडखडत होत्या, कपाळावरून घाम गळत होता.

"पोरगी लाजाळू हाय," मुलाचा मामा कौतुकाने म्हणाला.

ट्रे खाली पडला. पाठोपाठ सोनियाही.

सगळ्यांच्या आधी उठली ती मुलाची आई. तिने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं.

"कुटली टोचलीस गं? दुधावानी का पाण्यावानी?"

"पाण्यावानी," सोनिया कशीबशी म्हणाली.

"साखर आणा! पळा!"

साखरपाणी तिने स्वतः घोटघोट पाजलं. पदराने घाम पुसला. हळूहळू सोनियाची थरथर थांबली.

"तुमाला कसं ठावं?" तानूबाईने घाबरत विचारलं.

"आमचा बिरदेव बारा वरसं घेतोय. दोनी."

कोपऱ्यात बसलेल्या नवऱ्या मुलाने मान आणखी खाली घातली. तानूबाईला रडूच फुटलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. देवानेच ही जोडी जुळवली असं तिला वाटलं, आणि तिने हात जोडले.

"मग आमच्या पोरीला तुमीच समजून घ्याल, बाई."

बिरदेवच्या आईने सोनियाचं डोकं मांडीवरून अलगद खाली ठेवलं आणि ती उठली.

"न्हाई. बिरदेवला संभाळायला आमाला धडधाकट पोरगी पायजे."