चाचणीची फेरी

मत्तीकेरेच्या वळणावर, औषधांच्या दुकानासमोर, मल्लाप्पाने पार्सलची गाडी डाव्या कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन चालू ठेवून तो आरशात पाहू लागला.

"काका, इथे कुणाचंच पार्सल नाहीये," शेजारी बसलेली शलाका मोबाइलवरचा नकाशा पाहत म्हणाली. यशवंतपूरच्या गोदामाची ती सुपरवायझर. त्याची चाचणी घ्यायला सोबत आली होती. "थांबलो का आपण?"

मल्लाप्पा ओशाळला. "चुकलं, मॅडम. इथं गंगव्वा चढायची. वायंडिंग खात्यातली. रोज उशीर, रोज पळत."

बावीस वर्षे त्याने कारखान्याची बस याच रस्त्याने नेली होती. गेल्या वर्षी कारखाना बंद झाला आणि बसही गेली. आता पार्सलच्या गाडीवर येणार की नाही, हे त्याला आजच सांगायचे होते.

गाडी निघाली. पुढच्या चौकात तो इतक्या सावकाश थांबला, की शलाकाने मान वर केली.

"ब्रेक केवढा हळू मारता! अशाने दिवसाला साठ डिलिव्हरी कशा होणार?"

"मागं माणसं उभी असायची. जोरात मारला की शिव्या पडायच्या. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत."

"मागे खोकी आहेत, काका. खोकी शिव्या देत नाहीत."

"तेच की," मल्लाप्पा म्हणाला.

बस चालवताना त्याने कधी मान वळवली नव्हती, तरी मागची सगळी माणसे त्याला आवाजांवरून पाठ होती. आप्पाजीचा खोकला, पुरुषोत्तमचे रोजचे राजकारण, कुणाच्या मुलीला स्थळ आले आणि कुणाचे मोडले, सारे त्याच्या पाठीवर येऊन आदळत असे. सणाच्या दुसऱ्या दिवशी सीटमागून एखादा हात होळिगे, म्हणजे पुरणपोळी, घेऊन पुढे येई. बांगड्यांच्या आवाजावरून हात कुणाचा ते तो ओळखी आणि नाव घेऊन सांगे, "अक्का, तूप कमी पडलं!" त्यावर पहिल्या सीटपासून शेवटच्यापर्यंत हशा उसळे.

आता वळणावर फक्त एक खोके सरकल्याचा आवाज आला.

शेवटचे पार्सल एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर द्यायचे होते. ते घेऊन मल्लाप्पा जिना चढला आणि दोन मिनिटांच्या आत खाली आला.

"झालं? त्रास नाही ना दिला कस्टमरने?" शलाकाने विचारले.

"दार एवढंसं उघडलं. चार आकडे सांगितले, पार्सल घेतलं, दार बंद."

"बेस्ट! असेच कस्टमर हवेत. बाई होत्या की कुणी पुरुष?"

मल्लाप्पाने थोडा विचार केला. "हात होता."

शलाका हसली; मग त्याच्याकडे पाहून हसायची थांबली.

गोदामाशी परत आल्यावर शलाका खाली उतरली. तिने मागचे दार उघडून पाहिले, मोबाइलवर काहीतरी भरले आणि म्हणाली, "डॅमेजची एकही तक्रार नाही. स्पीड वाढवा, बाकी पास. मी माझ्या बाजूने ओके केलंय. आता तुम्ही सांगा. हो असेल तर गाडी आजपासून तुमच्या घरी, सकाळी सातला इथे हजर."

मल्लाप्पा रिकाम्या गाडीच्या आत बराच वेळ पाहत राहिला. किल्ली त्याच्या तळहातावर होती. ती तिला परत द्यायला त्याने हात अर्धा पुढे केला, आणि तसाच थांबला.

"मॅडम, तुम्ही रोज कुठून येता?"

"मी? हेब्बाळहून. ऑटोने, मिळाला तर. का?"

"माझं घर जक्कूरला. हेब्बाळ वाटेतच." त्याने मूठ मिटली. "उद्या सहा-पंचवीसला तिथल्या फ्लायओव्हरखाली उभ्या राहा. दोन मिनिटं थांबेन. तिसरं नाही."