स्टँडवरची सायकल

तो पायडल मारत होता आणि खोली जागची हलत नव्हती.

सायकलचं मागचं चाक लोखंडी स्टँडमध्ये आवळून जमिनीपासून वर उचललं होतं. जाड दातेरी टायर काढून गुळगुळीत टायर चढवला होता, कारण त्या घरघरीने खालच्या मजल्यावरच्या बाईची झोपमोड व्हायची. पुढचं चाक प्लास्टिकच्या ठोकळ्यात रुतवलेलं. डोंगर उतरायला बनवलेल्या सायकलची ही गत करून घरातले याला काळजी म्हणत होते.

"छान. असंच. श्वास सोडा," मुलगी म्हणाली.

ती इस्पितळात, हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा चालतं करायची. घरी आली तरी तिचा तो आवाज उतरत नसे. त्या आवाजात बोललं की समोरचा माणूस आपोआप पेशंट होतो.

"मी काय छान करतोय?"

"पाय हलवताय."

"पंखाही पाती हलवतो. त्याला नाही कोणी छान म्हणत."

"चिडू नका बाबा. ठोके वाढतील."

मनगटावर तिने बांधलेलं घड्याळ होतं. ठोके हद्दीबाहेर गेले की ते किंचाळायचं. आज ते गप्प राहिलं तर रविवारी सायकल स्टँडवरून काढायची, मैदानाला एक फेरी मारायची, ती शेजारून चालणार, असं ठरलं होतं. वाजलं तर पुन्हा महिनाभर ही खोली. त्याचा अंगठा उगाच गिअरशी चाळा करत होता. कट, कट. पुन्हा कट.

"रविवारी पँटचा पाय दुमडून घ्या," दारात मटार सोलत बसलेली बायको म्हणाली. "आता या वयात चादरी घासायला लावू नका मला."

तो हसला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ही सायकल घरात आली होती. त्याच्या आयुष्यातली पहिली खरी डोंगरावर जाणारी सायकल, पुढे शॉकअप असलेली. त्याआधी वडिलांची काळी सायकल होती. चढ आला की तीच त्याच्या अंगावर बसायची. ही चढायची. कारखाना सुटला की तो थेट टेकडीवर. खाली येईपर्यंत पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाची रेघ आणि उजव्या पोटरीवर चेनचे काळे दात. साबणाने घासले तरी ते जात नसत, रात्री चादरीवर उमटत. सायकल तो खांद्यावर घालून जिन्याने वर आणायचा. जिन्याच्या भिंतीवर टायरचे ओरखडे होते. बायको त्या ओरखड्यांवरून शिव्या घालायची आणि पाहुणे आले की तेच ओरखडे कौतुकाने दाखवायची.

"कंटाळता ना भिंतीकडे बघून? हे घ्या," मुलगी म्हणाली आणि तिने समोरच्या टेबलावर टॅब उभा केला.

कोणीतरी डोक्याला कॅमेरा बांधून जंगलातली पायवाट सायकलने उतरत होता. मुळं, दगड, वाळलेली पानं. दुसऱ्या कोणत्याही पेशंटला हे चाललं असतं. याला दाखवायला नको होतं.

त्याचा अंगठा गिअरवर थांबला. ढुंगण सीटवरून बोटभर वर आलं. कोपरं बाहेर पडली, गुडघे सैल झाले. मुलगी घड्याळाकडे बघत होती. आकडा वाढायचा सोडून खाली येत होता. ऑपरेशन झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदा स्वस्थ दिसत होता.

"शाब्बास," ती म्हणाली.

पुढे डावं वळण आलं. एकदम, झाडाच्या बुंध्याआड. त्याने पाय थांबवले आणि दोन बोटांनी ब्रेक ओढला. खोलीतलं चाक थांबलं. टॅबवरचा रस्ता थांबला नाही. बुंधा सरळ अंगावर आला. तेव्हा सायकलवरचा कोणताही माणूस जे करेल तेच त्याने केलं. सगळं अंग डावीकडे झोकून दिलं.

स्टँड बनवणाऱ्याने वळणाचा विचार केला नव्हता.

सायकल, स्टँड आणि तो, तिन्ही एकदम फरशीवर आले. मटारचं ताट उलटलं. खालच्या बाईने काठीने छत ठोकलं.

"छातीत दुखतंय? माझ्याकडे बघा. डोकं आपटलं का?" मुलगी गुडघ्यांवर बसून त्याचे ठोके मोजत होती. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नव्हतं. घड्याळ अजूनही गप्प होतं.

"ब्रेक लागला नाही," तो म्हणाला.

"कशाचा ब्रेक? सायकल उभी होती बाबा. उभ्या सायकलवरून पडलात तुम्ही. रविवारचं आता विसरा."

"पोरी, ओरडू नकोस. आधी उठव त्यांना," बायको म्हणाली.

मुलीने सायकल एका हाताने उचलून धरली आणि त्याचा पाय ओढायला दुसरा हात घातला. बूट पायडलच्या पट्ट्यात अडकला होता. डावा बूट. पायडल पार तळाला. ती बघत राहिली. मग बोलली तेव्हा इस्पितळातला आवाज नव्हता.

"वळण डावं होतं ना?"

"डावंच."

"मग डावा पाय खाली कसा?"

तो सोलवटलेलं कोपर चोळत राहिला.

"वळणात आतला पाय वर. टेकडीवर शिकवताना याच्यावरून चारचौघांत रडवलं होतंत मला. खरा दगड असता तर पायडल अडकून तोंडावर गेला असतात."

"हो गं."

"हो काय? हे तुमच्याकडून चुकतंच कसं?"

तो आडवाच होता. पायाकडे बघत होता, पाय दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा.

"किती महिने झाले," तो म्हणाला, "वळलोच नाही कुठे."