दुहेरी फळीची पेटी

गोंद ओतला की दहा मिनिटं मिळतात, आणि उन्हात तेवढीही नाहीत. म्हणून योतामुने फळ्या अंगणातून पडवीच्या सावलीत आणल्या आणि मेव्हण्याला हाक मारली.

"झोंडिवे, तो दातेरी पत्रा दे इकडे."

पत्र्याने त्याने पांढरा गोंद फळीभर ओढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रेघा उमटल्या. मग दोघांनी मिळून दुसरी फळी तिच्यावर उतरवली. ओल्या गोंदावर ती माशासारखी निसटत होती. योतामुने दोन कोपऱ्यांत बारीक खिळे मारले, तेव्हा कुठे ती जागेवर राहिली.

"दाजी, एकेरी प्लाय पुरली असती," झोंडिवे म्हणाला. "मातीतच तर जायचीय."

"दुहेरीच करायची."

"बरं बाबा. सुतार तुम्ही."

पडवीचं तोंड तळ्याकडे होतं. चाळीस वर्षं योतामुने इथे दारं केली, बाकं केली, होड्यांची वल्ही केली. शवपेट्याही केल्या, पण त्या दुसऱ्यांच्या मुलांच्या. आजची पेटी लुसुंगुची होती, त्याच्या एकुलत्या एका मुलाची.

लुसुंगु नऊ वर्षांपूर्वी जोनीला गेला. जोहान्सबर्गला गावात सगळे जोनीच म्हणत. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली आणि आईसाठी एक घोंगडी. मग काहीच नाही. त्याची आई न्याम्हांगो दर शुक्रवारी, दक्षिणेची बस यायच्या वेळेला, सडकेवर जाऊन उभी राहायची. बस रिकामी होईपर्यंत उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघायची. गेल्या पावसाळ्यात ती तिथेच भोवळ येऊन पडली. लोकांनी खाटेवर घालून घरी आणली. पुढच्या शुक्रवारी काठी टेकत पुन्हा गेली.

या सोमवारी रेडिओवर निधनाच्या बातम्यांमागून एक निवेदन झालं. जोनीहून आलेल्या बसमध्ये एक तरुण मेलेला सापडला होता. जवळ कागदपत्र नव्हतं. शहरातल्या शवागारात ठेवलाय, कुणाचा असेल त्याने यावं.

योतामु एकटाच गेला. दुसऱ्या दिवशी परतला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "आपलाच आहे. उद्या गाडी घेऊन येईल."

न्याम्हांगो ऐकून खाली बसली. रडली नाही. बायका आल्या, गळ्यात पडल्या, तरी तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"ताईचं काही खरं नाही," क्लॅम्प आवळता आवळता झोंडिवे म्हणाला. "रडायला हवं तिने. आत कोंडलं की माणूस फुटतं."

"रडेल. आवळ."

लोखंडी क्लॅम्प चारच होते. ते कडांना लागले. मधे फुगू नये म्हणून योतामुने फळीवर आडवी पट्टी टाकली, तिच्यावर दगड रचले आणि उरलेल्या जागी टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या. फटीतून गोंदाचे थेंब बाहेर आले. ते त्याने ओल्या फडक्याने एकेक करून पुसले.

झोंडिवेने फळीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नजर टाकली. "दाजी, पेटी आखूड नाही होणार? आपला लुसुंगु तुमच्याहून वीतभर उंच."

"माप मी स्वतः घेतलंय."

"खरंय. मेल्यावर माणूस आटतं म्हणतात."

फडकं पिळून योतामु पुन्हा कडा पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लॅम्प सुटले. फळ्या एकजीव झाल्या होत्या, बोटाने वाजवल्या तर भरीव वाजत होत्या. दुपारपर्यंत पेटी उभी राहिली. तेवढ्यात गाडी आली. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देह चौघांनी उतरवला आणि घरात, पेटीत ठेवला. बरोबर मावला.

"तोंड बघू द्या मला," न्याम्हांगो म्हणाली.

"नको. बरेच दिवस झालेत. तुला ओळखू यायचा नाही."

तिने मान डोलावली आणि पेटीला टेकून बसली. "बाकीच्यांना बाहेर न्या. घटकाभर आम्हाला दोघांनाच राहू द्या."

योतामु खड्डा किती झालाय ते बघायला गेला. माणसं कमरेइतकी खाली उतरली होती. त्याने फावडं हातात घेतलं, तोच घरातून हंबरडा आला. असा हंबरडा त्या गावाने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. खणणारे थांबले. तळ्यावरच्या कोळ्यांनी वल्ही वर घेतली.

"सुटली एकदाची," झोंडिवे डोळे पुसत म्हणाला.

योतामुने मान खाली घातली. खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं त्याला वाटलं. संध्याकाळच्या आत पेटी मातीत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले. झोंडिवेही आपल्या घरी गेला. योतामु पडवीत बसून क्लॅम्पवरचा वाळलेला गोंद खरवडत होता. न्याम्हांगोने मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा आणि सुकट आणून ठेवली, आणि ती स्वतःही समोर जेवायला बसली. चार दिवसांत पहिल्यांदाच. योतामु तिच्याकडे बघत राहिला. आता ही निवांत होईल, असं त्याच्या मनात आलं.

तिने हात धुतले.

"तुम्ही खड्ड्याकडे गेलात तेव्हा मी कापड बाजूला केलं," ती म्हणाली.

योतामुचा हात थांबला.

"तो आपला लुसुंगु नव्हता. आणि ते तुम्हाला शवागारातच दिसलं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. "मी रडले, ते त्याच्या आईच्या वाटचं रडले. आता उठा. तिला शोधायला जायचंय."